एआय एजंटला कोड दाखवण्याआधी: कोणती कामं, कोणत्या क्रमाने

बहुतेक टीममध्ये एआय कोडिंग सहायक येतो तो असा. एकजण आपल्या लॅपटॉपवर एक्स्टेन्शन टाकतो, त्याचं काम भराभर उरकायला लागतं, मग शेजारचे टाकतात. पुढे कधीतरी लायसन्स घेतलं जातं आणि सुरक्षेचा विषय निघतो तो क्लायंटचं ऑडिट तोंडावर आल्यावर. तोवर एजंटने डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल वाचलेली असते आणि ‘दर वेळी विचारू नको’ या बटणावर सगळ्यांनीच टिचकी मारलेली असते.

हा लेख पाच ते तीस जणांच्या टीमसाठी आहे: गिट वापरणारी, क्लाउडवर डिप्लॉय करणारी आणि बहुधा दुसऱ्याच्या, म्हणजे क्लायंटच्या, कोडवर काम करणारी. पहिले तीन टप्पे साधन चालू करण्याआधीचे आहेत, चौथा चालू करण्याच्या दिवशीचा, पाच ते सात रोजचे. आठवा घडू नये असा आहे, पण तो आधीच लिहून ठेवायचा.

एक गोष्ट पक्की धरून चला. जुना ऑटो-कम्प्लीट फक्त पुढची ओळ सुचवायचा. एजंट फाइली उघडतो, टर्मिनलवर कमांड चालवतो, इंटरनेटवर जातो, आणि हे सगळं तुमच्या लॉगिनने करतो. म्हणजे तुम्हाला जे जे करता येतं, ते ते त्यालाही.

## टप्पा १: खातं कोणाचं, परवानगी कोणाची

हे काम कागदावरचं आहे, लवकर उरका, पण टाळू नका.

क्लायंटसोबतचा करार काढा. कोड तिसऱ्या पक्षाच्या सर्व्हरवर पाठवण्याबद्दल त्यात काय म्हटलंय ते वाचा. काहीच म्हटलं नसेल तर ती परवानगी नव्हे. साधनाचं नाव, कोणते रिपो (गिटमधले कोडचे साठे) आणि डेटा कुठे जाणार, एवढं लिहून ई-मेलवर होकार घ्या. कॉलवर मिळालेला होकार ऑडिटमध्ये उपयोगी पडत नाही.

मग खातं. वैयक्तिक आणि व्यावसायिक योजनांचे डेटाचे नियम वेगळे असतात. वैयक्तिक खात्यात तुमचा मजकूर मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाण्याची मुभा सेटिंगवर अवलंबून असते. व्यावसायिक योजनांत ती सहसा मुळातच बंद असते. डेटा किती दिवस साठवला जातो, हेही तिथेच वाचा. कंपनीच्या कामासाठी वैयक्तिक खातं चालणार नाही, हा नियम लेखी हवा.

सरसकट बंदी हा उपाय मला पटत नाही. २०२३ मध्ये सॅमसंगच्या अभियंत्यांनी अंतर्गत कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं आणि कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. मोठ्या कंपनीला ती राबवता येते. लहान टीममध्ये बंदी घातली की लोक स्वतःच्या फोनवर तेच करतात, आणि मग कुठे काय गेलं याची नोंदही उरत नाही.

## टप्पा २: रिपो साफ करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इथली चूक पुढे कुठेच भरून निघत नाही.

अ) शोधा. कोडमध्ये राहून गेलेले पासवर्ड आणि ‘की’ (सेवांमध्ये शिरण्याच्या गुप्त चाव्या) शोधणारा गिट-लीक्स किंवा ट्रफलहॉग यांपैकी एक स्कॅनर पूर्ण इतिहासावर चालवा. ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा. गिटहब अ‍ॅक्शन्समधला चेकआउट मुळात फक्त शेवटचा कमिट उतरवतो. स्कॅनर तिथे लावला, हिरवी खूण आली आणि सगळे खूश झाले, तरी तीन वर्षांपूर्वीचा पासवर्ड इतिहासात तसाच पडून असतो. म्हणून पहिलं स्कॅन पूर्ण क्लोनवर आणि सर्व ब्रँचवर करा. ट्रफलहॉग सापडलेली की अजून चालू आहे का, हेही सेवेला विचारून सांगू शकतो. यादी मोठी निघाली तर चालू असलेल्या कीपासून सुरुवात करा.

आ) स्कॅनरला न दिसणारं हाताने बघा. पोस्टमनची कलेक्शन्स, एसक्यूएल डंप, जुन्या लॉग फाइली, एक्सेल शीट, आणि यूएटीसाठी (ग्राहकाच्या चाचणीसाठी) म्हणून प्रॉडमधून (प्रत्यक्ष चालू सिस्टीममधून) उचललेला डेटा. या शेवटच्या प्रकाराने आपल्याकडे कहर केलेला आहे. टेस्ट डेटात खऱ्या ग्राहकाचा आधार किंवा पॅन असेल तर तो काढा आणि बनावट घाला. आधार क्रमांक ० किंवा १ ने सुरू होत नाही, त्यामुळे त्या अंकांनी सुरू होणारा बारा आकडी क्रमांक नक्की कोणाचाच नसतो. व्हॅलिडेशन तपासायचं असेल तिथे तो नाकारला जाईल. अशा थोड्या टेस्टसाठी वेगळी सोय करा, पण बाकीच्या नमुन्यांत असेच क्रमांक वापरा.

इ) की बदला. क्रम लक्षात ठेवा. लोक आधी फाइल डिलीट करतात, मग कमिट पुसायला बसतात, आणि की बदलायचं ‘उद्या बघू’ म्हणून राहून जातं. बरोबर क्रम उलटा आहे:

1. नवी की तयार करा.
2. ती अ‍ॅप्लिकेशनमध्ये घालून डिप्लॉय करा.
3. जुनी की निष्क्रिय करा, लगेच डिलीट करू नका.
4. काही दिवस बघा. कुठला विसरलेला क्रॉन जॉब बोंब मारतोय का.
5. मग जुनी डिलीट करा.
6. गिटचा इतिहास पुसायचा असेल तर सर्वात शेवटी.

एडब्ल्यूएसमध्ये एका आयएएम युजरला एका वेळी दोन अ‍ॅक्सेस की ठेवता येतात त्या याच कामासाठी. जुनी की शेवटची कधी वापरली गेली, तेही तिथे दिसतं.

> सावधान: की सार्वजनिक रिपोत गेली असेल तर हा क्रम लागू नाही. तिथे आधी निष्क्रिय करा, अ‍ॅप बंद पडलं तरी चालेल. उघड्यावर आलेल्या की शोधणारे बॉट सतत फिरत असतात आणि क्लाउडची की मिनिटांत वापरली जाते.

इतिहास पुसण्यावर फार भिस्त ठेवू नका. फिल्टर-रेपो चालवून फोर्स-पुश केला तरी सहकाऱ्यांचे क्लोन, फोर्क आणि जुन्या पुल रिक्वेस्टच्या नोंदी उरतात. बदललेली की इतिहासात दिसली तरी ती कोणाच्या उपयोगाची नसते. न बदललेली की इतिहासातून पुसली तरी ती जिवंतच असते.

ई) पुढे की कुठे राहणार ते ठरवा. क्लाउडचा सीक्रेट मॅनेजर किंवा व्हॉल्ट. ते लगेच जमत नसेल, तर किमान एजंट जिथे काम करतो त्या फोल्डरमध्ये खरी की नको. लोकल डेव्हलपमेंटसाठी वेगळ्या, कमी अधिकारांच्या की द्या.

इथे एक गैरसमज इतका पसरलाय की वेगळा सांगायला हवा. पासवर्ड आणि की ठेवायची डॉट-ईएनव्ही फाइल गिट-इग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) आहे म्हणजे एजंटपासून सुरक्षित आहे, असं नाही. गिट-इग्नोर गिटला सांगतं, एजंटला नाही. काही साधनं अनुक्रमणिका बनवताना ती यादी पाळतात आणि काहींची स्वतःची वगळण्याची यादी असते. पण एजंटला टर्मिनल मिळालं की तो साध्या कमांडने तीच फाइल वाचू शकतो. आणि फाइल आधीच कमिट झालेली असेल, तर नंतर गिट-इग्नोरमध्ये नाव घालून ती गिटमधूनही जात नाही.

## टप्पा ३: एजंटला वेगळी खोली द्या

तुमच्या लॅपटॉपच्या होम फोल्डरमध्ये काय काय असतं ते आठवा: क्लाउडची क्रेडेन्शियल, एसएसएच की, कुबरनेटिसची कॉन्फिग, ब्राउझरची सेशन्स, मागच्या क्लायंटचा कोड. तुमच्या लॉगिनने चाललेल्या एजंटला हे सगळं वाचता येतं.

म्हणून एजंट डेव्ह-कंटेनरमध्ये, व्हर्च्युअल मशीनमध्ये किंवा निदान वेगळ्या युजर खात्यात चालवा. आत फक्त एकच रिपो. होम फोल्डर माउंट करू नका. डॉकरचा सॉकेट (बाहेरच्या डॉकरवर हुकूम चालवायचं दार) आत देऊ नका. तो दिला की कंटेनरची भिंत नावापुरती उरते. बाहेर जाणारं नेटवर्क मोजक्या पत्त्यांपुरतं ठेवा: पॅकेज रजिस्ट्री, गिट सर्व्हर, मॉडेलचा एपीआय.

प्रॉडक्शनचं क्रेडेन्शियल या खोलीत कधीच नको. जुलै २०२५ मध्ये रेप्लिटच्या एजंटने कोड फ्रीझ चालू असताना एका वापरकर्त्याचा प्रॉडक्शन डेटाबेस पुसला. काही बदलू नको, असं त्याला बजावलेलं होतं. सूचना ही परवानगीची जागा घेऊ शकत नाही. एजंटला प्रॉडचा डेटा बघायचाच असेल तर फक्त वाचण्याचा अधिकार असलेला डेटाबेस युजर द्या, तोही मास्क केलेल्या प्रतीवर.

> तपासणी: रिपोच्या बाहेर, तुमच्या होम फोल्डरमध्ये एक फाइल करा आणि तिच्यात कोणतंही आगळंवेगळं वाक्य लिहा. एजंटला ती फाइल शोधून वाचायला सांगा. वाक्य स्क्रीनवर आलं तर भिंत नाही. दुसरी चाचणी: यादीत नसलेली एखादी वेबसाइट उघडायला सांगा. उघडली, तर नेटवर्कचा नियम लागलेला नाही. दोन्ही वेळा एजंटला अपयश यायला हवं, तोवर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: कोणती कमांड न विचारता चालेल

आता साधन चालू करा. पहिल्याच तासात एजंट पंचवीस वेळा ‘हे करू का?’ विचारतो, माणूस वैतागतो आणि सरसकट मुभा देतो. वैताग खरा आहे, तो नाकारून नियम केले तर कोणी पाळत नाही. त्यामुळे कमांडचे तीन गट करा.

*न विचारता:* फाइली वाचणं, शोधणं, गिटची स्थिती आणि फरक बघणं.

*विचारून:* पॅकेज टाकणं, नेटवर्कवर जाणारी कोणतीही कमांड, फाइल डिलीट करणं, गिट पुश, डेटाबेस मायग्रेशन.

*कधीच नाही:* मुख्य ब्रँचवर थेट पुश, प्रॉडक्शनला जोडणी, एजंटच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये बदल.

शेवटचा मुद्दा हवेतला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब कोपायलटमधला असाच एक दोष दुरुस्त केला. वाचायला मिळालेल्या मजकुरातल्या फसव्या सूचनेवरून एजंट व्हीएस कोडच्या सेटिंग फाइलमध्ये ओळ घालून स्वतःलाच ‘सर्व मंजूर’ करून घेऊ शकत होता, आणि मग हवी ती कमांड चालवू शकत होता. सेटिंगची फाइल एजंटला लिहिता येणार नाही अशी ठेवा.

आणखी एक फट सहज नजरेतून सुटते. ‘टेस्ट चालवणं तर निरुपद्रवी’ म्हणून ती कमांड पहिल्या गटात टाकली जाते. पण टेस्टची स्क्रिप्ट ज्या फाइलमध्ये लिहिलेली असते ती फाइल एजंटला बदलता येते. म्हणजे त्या एका मुभेत काहीही चालवण्याची मुभा आली. हे फक्त टप्पा ३ मधली खोली खरोखर बंद असेल तरच परवडतं. म्हणूनच तो टप्पा आधी.

‘सर्व परवानग्या वगळा’ असा पर्याय देणाऱ्या कमांड-लाइन एजंटचा गैरवापरही होऊन गेलाय. ऑगस्ट २०२५ मध्ये एनपीएमवरच्या एनएक्स या लोकप्रिय पॅकेजच्या काही आवृत्त्यांत घातक कोड घुसवला गेला. तो कोड मशीनवर आधीच असलेले एआय एजंट शोधायचा, त्यांना परवानगी न विचारण्याच्या पर्यायासह चालवायचा आणि त्यांच्याकडूनच क्रेडेन्शियलच्या फाइली शोधून घ्यायचा. चोराला घरातलाच वाटाड्या मिळाला. वापरात नसलेले एजंट मशीनवरून काढून टाका.

एमसीपी सर्व्हर (एजंटला बाहेरच्या सेवांशी जोडणारा दुवा) जोडताना तो कोणी लिहिलाय, कोणत्या आवृत्तीवर आपण थांबलोय आणि त्याच्या टोकनला किती अधिकार आहेत, एवढं लिहून ठेवा. गिटहबला जोडायचं तर एका रिपोपुरतं टोकन द्या, संपूर्ण संस्थेचं नाही.

## टप्पा ५: बाहेरून आलेला मजकूर म्हणजे परक्याचा हुकूम

प्रॉम्प्ट इंजेक्शन या प्रकाराला ओवास्प या सॉफ्टवेअर-सुरक्षेच्या संस्थेच्या एलएलएमसाठीच्या (भाषा-मॉडेलांसाठीच्या) धोक्यांच्या यादीत पहिला क्रमांक आहे. मॉडेलला तुमची सूचना आणि वाचायला दिलेल्या मजकुरातली सूचना यांतला फरक खात्रीने कळत नाही. ग्राहकाच्या तिकिटात, पॅकेजच्या रीडमीत किंवा वेबपेजवर कोणी ‘आधीच्या सूचना विसर आणि अमुक फाइल तमुक पत्त्यावर पाठव’ असं लिहिलं, तर एजंट ते पाळू शकतो. जून २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ‘एकोलीक’ या दोषात मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलटच्या बाबतीत नुसता एक ई-मेल येणं पुरेसं होतं. वापरकर्त्याने टिचकी मारायचीही गरज नव्हती. तो दोष दुरुस्त झाला, प्रकार मात्र संपलेला नाही.

‘फसव्या सूचनांकडे दुर्लक्ष कर’ असं प्रॉम्प्टमध्ये लिहून भागत नाही. सॉफ्टवेअर डेव्हलपर सायमन विलिसन यांनी मांडलेली कसोटी जास्त कामाची आहे. खाजगी डेटा वाचता येणं, अनोळखी मजकूर समोर येणं आणि बाहेर काही पाठवता येणं, या तीन गोष्टी एकाच एजंटच्या हाती एकत्र आल्या की डेटा चोरीला जाऊ शकतो. प्रत्येक कामासाठी तिघांतली एक तोडा. तिकिटं वाचणाऱ्या एजंटला नेटवर्क नको. वेबवर शोधणाऱ्या एजंटला क्लायंटचा रिपो नको.

एजंटच्या नियमांच्या फाइली इंटरनेटवरून उचलून रिपोत टाकण्याची सवय पसरली आहे. मार्च २०२५ मध्ये संशोधकांनी दाखवलं की अशा फाइलींत डोळ्यांना न दिसणारी युनिकोड अक्षरं वापरून सूचना लपवता येतात. माणसाला फाइल स्वच्छ दिसते, मॉडेलला पूर्ण वाचता येते. सीआयमध्ये (प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) अदृश्य अक्षरं शोधणारी तपासणी लावा. देवनागरी मजकूर असलेल्या रिपोत एक अडचण येईल: जोडाक्षरांसाठी वापरले जाणारे झिरो-विड्थ जॉइनर आणि नॉन-जॉइनरही त्यात पकडले जातील. म्हणून भाषांतरांच्या फाइली वगळा. तपासणीच बंद करू नका.

## टप्पा ६: सुचवलेलं पॅकेज खरंच आहे का

मॉडेल नसलेल्या पॅकेजची नावं आत्मविश्वासाने सांगतं. २०२५ मध्ये युजनिक्सच्या संगणक-सुरक्षा परिषदेत आलेल्या एका अभ्यासात १६ मॉडेलांकडून ५,७६,००० कोड-नमुने करून घेतले होते. सुचवलेल्या पॅकेजपैकी जवळपास १९.७ टक्के अस्तित्वातच नव्हती. व्यावसायिक मॉडेलांत प्रमाण बरंच कमी, सुमारे ५ टक्के, होतं. त्याहून घातक म्हणजे बरीच चुकीची नावं पुन्हा पुन्हा तीच येत होती. हल्लेखोराने ते नाव आधीच नोंदवून ठेवलं की तुमची इन्स्टॉल कमांड यशस्वी होते.

तेव्हा नवं पॅकेज टाकण्याआधी:

1. रजिस्ट्रीवर पॅकेजचं पान उघडा. पहिली आवृत्ती कधीची, देखभाल कोण करतं, मूळ रिपो कुठे आहे ते बघा.
2. ‘डाउनलोड बरेच आहेत’ एवढ्यावर भरवसा ठेवू नका. डिसेंबर २०२३ मध्ये एका संशोधकाने असंच भ्रामक नाव घेऊन रिकामं पॅकेज ठेवलं, तर तीन महिन्यांत ते ३०,००० हून जास्त वेळा उतरवलं गेलं.
3. इन्स्टॉल होताना चालणाऱ्या स्क्रिप्ट बंद ठेवून पॅकेज उतरवा.
4. लॉक-फाइल (पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) कमिट करा आणि सीआयमध्ये तिच्यावरूनच इन्स्टॉल करा.
5. लॉक-फाइलमधला बदल पुल रिक्वेस्टमध्ये माणसाने बघावा.

## टप्पा ७: रिव्ह्यू

एजंटचा कोड नीटनेटका दिसतो, नावं छान असतात, कॉमेंटही असतात. रिव्ह्यू करणारा त्यालाच भुलतो. त्यामुळे वरून खाली वाचत बसू नका, ठरावीक जागा आधी बघा.

- मालकी: एपीआयमध्ये आयडी घेऊन नोंद परत दिली जाते, पण ती नोंद लॉगिन केलेल्या माणसाचीच आहे का, हे तपासलेलं असतं का? ‘लॉगिन आहे’ एवढंच पाहून पुढे जाणारा कोड एजंट सर्रास देतो. टेस्टही पास होतात, कारण टेस्टमध्ये एकच युजर असतो. दोन युजर घेऊन, पहिल्याच्या टोकनने दुसऱ्याची नोंद मागणारी टेस्ट स्वतः लिहा.
- ‘चालवून दाखवण्यासाठी’ उघडलेली दारं: टीएलएसची (एन्क्रिप्टेड जोडणीची) तपासणी बंद, कॉर्समध्ये (कोणत्या वेबसाइटने एपीआय वापरावा या नियमात) सगळ्यांना प्रवेश, बकेट सार्वजनिक, कंटेनर रूटने.
- गिळलेल्या चुका: अपवाद पकडून गप्प बसणारा किंवा चूक आल्यावर ‘बरोबर’ असं उत्तर देणारा कोड.
- बदललेल्या टेस्ट: कोड दुरुस्त होण्याऐवजी टेस्टच सैल झाली का? टेस्टमधला बदल आधी वाचा, कोड नंतर.
- सीआयच्या फाइली: वर्कफ्लोमधला कोणताही बदल वरिष्ठाच्या मंजुरीशिवाय मर्ज होऊ नये. सगळी डिप्लॉयमेंटची टोकन तिथेच असतात.

पुल रिक्वेस्ट लहान मागा. हजार ओळींचा बदल आला तर तो परत पाठवायचा अधिकार रिव्ह्यू करणाऱ्याला द्या, डेडलाइन कितीही जवळ असली तरी. आणि ज्याच्या नावाने कमिट आहे त्याने प्रत्येक फंक्शन समजावून सांगावं. ‘ते एजंटने लिहिलंय’ हे उत्तर मान्य करू नका.

दुसऱ्या मॉडेलकडून रिव्ह्यू करून घ्यायला हरकत नाही, त्याला कधीकधी चांगल्या गोष्टी सापडतात. पण ती जास्तीची चाळणी समजा. मर्जचं बटण माणसाकडेच.

## टप्पा ८: बिघडलंच तर

हे पान छापून लावा किंवा विकीवर ठेवा. ऐनवेळी शोधत बसू नका.

1. एजंट थांबवा, मशीन नेटवर्कवरून काढा, पण फॉरमॅट करू नका. घाबरून सगळ्यात आधी हेच केलं जातं आणि पुरावा जातो. चॅटचा इतिहास, टर्मिनलचा लॉग आणि एजंटच्या सेशन फाइली यांची प्रत घ्या. एजंटने काय वाचलं हे दुसरीकडून कळणार नाही.
2. दुसऱ्या मशीनवरून की निष्क्रिय करा. त्या मशीनवर असलेल्या सगळ्या, फक्त संशयित नव्हे. गिटहब टोकन, एसएसएच की, क्लाउड, पॅकेज रजिस्ट्री, ब्राउझरमधली सेशन्स.
3. क्लाउड आणि गिटचे ऑडिट लॉग बघा. नवे युजर, नव्या डिप्लॉय की, नवे वेबहुक, अचानक सार्वजनिक झालेला रिपो.
4. घड्याळ बघा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. तपास पूर्ण व्हायची वाट बघायची नाही. त्या वेळी हाती असेल तेवढी माहिती द्यायची. लॉग १८० दिवस ठेवणंही त्याच निर्देशांत आहे, म्हणून लॉग किती दिवस टिकतात ही सेटिंग आजच बघा.
5. क्लायंटला कळवा. करारातली मुदत अनेकदा आणखी कडक असते. ग्राहकांचा वैयक्तिक डेटा गेला असेल तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ खालची जबाबदारीही वकिलाकडून तपासून घ्या. त्या कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दलचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे.

सर्ट-इनला कोण कळवणार, त्याचं नाव या पानावर आधीच असू द्या, आणि तो रजेवर असेल तर कोण, तेही. दर तिमाहीत एकदा कुठली तरी बिनमहत्त्वाची की ‘फुटली’ असं समजून पायरी १ ते ३ करून बघा. पहिल्याच खेपेला बहुधा कळतं की ती की निष्क्रिय करण्याचा अधिकार टीममध्ये एकाच माणसाकडे आहे.